उसन्या ओळींचा इतिहास

वसंतातील या व्याख्यानांत इतिहास म्हटला की तह, स्वाऱ्या, सनदा आणि बखरी यांची चर्चा व्हावी अशी आपली सवय आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगू इच्छितो ती बहुधा चार-दोन ओळींची, फार तर पाऊण पानाची असते. तिच्यावर शिक्का नसतो, मिती नसते, आणि पुष्कळदा कर्त्याचे नावही नसते. तरीसुद्धा आपल्यापैकी बहुतेकांचा रोजचा व्यवहार तिच्यावर चालतो. रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, सातबाराचा उतारा, मुलांच्या परीक्षेचा निकाल, हे सारे आता वेबसाइटवर मिळते. त्या वेबसाइटच्या पोटात जे प्रोग्रॅम काम करतात त्यांतील प्रत्येक ओळ त्या त्या प्रोग्रॅमरने नव्याने लिहिलेली असते असे मात्र कोणी समजू नये. तारीख बरोबर भरली आहे की नाही हे पाहणाऱ्या पाच ओळी, फॉर्मातील मजकूर ईमेलने पाठविणाऱ्या पन्नास ओळी, सर्व्हरने काय दाखवावे आणि काय झाकावे हे ठरविणारी सेटिंगची एखादी ओळ, असे तयार तुकडे प्रोग्रॅमर मंडळी एकमेकांकडून उतरवून घेतात आणि आपल्या कामात बसवितात.

ही उसनवारी म्हणजे इंटरनेटमुळे आलेला आळस होय, असे मत पुष्कळदा ऐकू येते. आम्हांस ते मान्य नाही. उसनवारी संगणकाइतकीच जुनी आहे, आणि तिच्यावाचून संगणकाचे काम एक पाऊलही पुढे गेले नसते. फरक पडला तो निराळ्याच ठिकाणी. आरंभी कोडाच्या तुकड्याबरोबर त्याची माहिती सांगणारी एक चिठ्ठी जात असे. पुढे तुकडा प्रवासाला निघाला आणि चिठ्ठी घरीच राहिली. हे कसे घडले ते आज पाहावयाचे आहे.

इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली ‘एडसॅक’ नावाचे यंत्र बांधण्यात आले. ६ मे १९४९ रोजी त्याने आपला पहिला प्रोग्रॅम पुरा केला. ० पासून ९९ पर्यंतच्या आकड्यांचे वर्ग छापून दाखवावयाचे, एवढेच ते काम होते. यंत्राची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत साठविलेली असे आणि प्रारंभी तीत अवघे ५१२ शब्द मावत. येथे शब्द म्हणजे एक आकडा किंवा यंत्राला दिलेली एक आज्ञा समजावी. प्रोग्रॅम द्यावयाचा तो कागदी फितीवर भोके पाडून. टेलिप्रिंटरसाठी वापरीत तीच ही पाच भोकांची फीत.

यंत्र सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत विल्क्स यांना एका नव्याच अडचणीची जाणीव झाली. त्यांनी एक गणिती समीकरण सोडविण्यासाठी १२६ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात सुमारे २० चुका निघाल्या. जिना चढता-उतरताना आपल्या मनात एकाएकी आले की, उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपण आपल्याच प्रोग्रॅमांतील चुका शोधण्यात घालविणार आहोत, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. यंत्र बांधणाऱ्या पहिल्या पिढीला हा धक्काच होता. यंत्र एकदा नीट चालू लागले की कामे आपोआप होतील अशी सर्वांची समजूत होती, आणि माणूस १२६ ओळी धड लिहू शकत नाही याचा विचार कोणी फारसा केला नव्हता.

यावर त्या मंडळींनी काढलेला उपाय साधा होता. एकदा लिहून, तपासून, चालवून पाहिलेला तुकडा पुन्हा लिहावयाचाच नाही. तो जपून ठेवावयाचा आणि लागेल तेव्हा जसाच्या तसा घ्यावयाचा. डेव्हिड व्हीलर नावाच्या अवघ्या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने या योजनेचा तांत्रिक भाग सिद्धीस नेला. अशा तुकड्यांचे एक ग्रंथालयच त्यांनी उभारले. फरक इतकाच की येथे पुस्तकांऐवजी कपाटात फितींची भेंडोळी होती. भागाकाराच्या फितींना एक अक्षर, वर्गमुळाच्या फितींना दुसरे, त्रिकोणमितीच्या फितींना तिसरे, छपाईच्या फितींना आणखी निराळे, अशी वर्गवारी केलेली असे. १९५१ पर्यंत या ग्रंथालयात ८७ तुकडे जमा झाले होते. ज्याला जो हवा त्याने तो कपाटातून काढावा, यंत्राच्या साहाय्याने त्याची भोके आपल्या फितीवर उतरवून घ्यावी, आणि मूळ फीत परत जागेवर ठेवावी.

या ग्रंथालयाचे खरे मोल कपाटाबाहेर होते. प्रत्येक फितीसाठी एक टाचण तयार केलेले असे. हा तुकडा काय करतो, किती जागा घेतो, किती वेळ लावतो, त्याला आकडे कोठे ठेवून द्यावे लागतात, उत्तर कोठे मिळते आणि कोणत्या मर्यादेपर्यंत बरोबर असते, हे सारे तेथे लिहिलेले असे. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ साली या विद्येवर पुस्तक प्रसिद्ध केले. प्रोग्रॅम कसे तयार करावे हे सांगणारे ते पहिलेच पुस्तक मानले जाते. त्याचा एक संपूर्ण भाग या टाचणांना दिलेला आहे, आणि तुकड्यांचे प्रत्यक्ष कोड त्याच्या मागून येते. आधी माहिती आणि मग माल हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

अमेरिकेत याच सुमारास निराळ्या वाटेने हाच अनुभव येत होता. ग्रेस हॉपर या गणिताच्या प्राध्यापिका महायुद्धाच्या काळात आरमारात दाखल झाल्या आणि हार्वर्ड येथील ‘मार्क वन’ या यंत्रावर काम करू लागल्या. तेथे कपाट नव्हते, वह्या होत्या. एखाद्या कोनाची ज्या काढावयाची असली की शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारावयाची, त्याच्या वहीतील तो तुकडा मागावयाचा आणि हाताने उतरवून घ्यावयाचा. हॉपरबाईंनी पुढे सांगितले आहे की, या पद्धतीत दोन दोष होते. एक तर तुकडा नव्या जागी बसविताना त्यातील जागांच्या क्रमांकांत बेरजा कराव्या लागत, आणि प्रोग्रॅमर लोक बेरजेत कच्चे असतात. दुसरे म्हणजे ते नक्कल करण्यातही कच्चे असतात. वहीतून उतरविताना चाराच्या आकड्याचा ‘डेल्टा’ होई, ‘बी’ या अक्षराचे तेरा होत, आणि प्रोग्रॅम बिघडे.

नकलेच्या चुका आपल्याला नव्या नाहीत. हाताने उतरविलेल्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून टाकून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पोथीत अक्षर चुकले तर जाणता वाचक मनातल्या मनात ते सुधारून घेतो; यंत्र तसे काही करीत नाही. हॉपरबाईंनी यावर उपाय शोधला तो असा की, बेरीज आणि नक्कल ही दोन्ही कामे यंत्रालाच सांगावी. १९५२ साली त्यांनी युनिव्हॅक या यंत्रासाठी ‘ए-झीरो’ नावाचा प्रोग्रॅम चालवून दाखविला. तुकड्याचा क्रमांक सांगितला की तो संग्रहातून काढून आपोआप योग्य जागी बसवून देई. केंब्रिजला व्हीलर यांनी जागांच्या बेरजा यंत्राकडून करवून घेण्याची युक्ती १९४९ मध्येच साधली होती. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस येथे आयबीएमचे यंत्र वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचा संघ काढला, आणि एका कंपनीतील तुकडे दुसऱ्या कंपनीस उघडपणे देण्याची चाल पडली. पुढील तीन-साडेतीन दशकांत हा व्यवहार वाढत गेला, परंतु तो जाणकारांच्या वर्तुळात राहिला. आपण ज्याचा तुकडा घेतो त्याची निदान ओळख तरी असे.

वर्ल्ड वाइड वेब आले आणि ते वर्तुळ फुटले. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये ही योजना मांडली, १९९१ मध्ये ती जगापुढे आली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. वेबची एक खुबी अशी की, कोणतेही पान उघडले तर ते ज्या खुणांनी रचलेले असते त्या खुणा ब्राउझरमध्ये पाहता येतात. शिंप्याच्या दुकानात टांगलेल्या प्रत्येक सदऱ्याच्या आत त्याची बेतणी छापलेली असावी, तसा हा प्रकार. हजारो लोक कोणत्याही शाळेत न जाता दुसऱ्याची पाने उघडून, त्यांच्या ओळी उचलून, पाने रचावयास शिकले. यात आम्हांस काहीच गैर वाटत नाही. इतक्या थोड्या काळात इतकी माणसे इतकी नवी विद्या दुसऱ्या कोणत्याही रीतीने शिकली नसती.

पान दाखविणे सोपे असते. वाचकाने नाव भरले, बटण दाबले आणि सर्व्हरने काही काम करून उत्तर द्यावयाचे, हे अवघड. त्यासाठी इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्राने १९९३ च्या सुमारास सर्व्हरचा प्रोग्रॅम आणि त्याला बाहेरचे प्रोग्रॅम जोडण्याची ‘सीजीआय’ ही रीत तयार केली. सर्व्हरचा मुख्य कर्ता रॉब मॅकूल १९९४ च्या मध्यास ते केंद्र सोडून गेला आणि काम थंडावले. परंतु ठिकठिकाणी तो सर्व्हर चालविणाऱ्यांनी त्याला आपापली ठिगळे लावलेली होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये अशा आठ जणांनी एकत्र येऊन ती ठिगळे जमा केली आणि त्यांतून ‘अपाचे’ हा सर्व्हर उभा राहिला. १ डिसेंबर १९९५ रोजी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, आणि वर्षाच्या आत तो इंटरनेटवर सर्वांत अधिक वापरला जाणारा सर्व्हर झाला. नावात अमेरिकेतील अपाचे लोकांविषयीचा आदर आहे आणि इंग्रजीत ‘ठिगळ लावलेला’ या अर्थाचा श्लेषही आहे. ही ठिगळे मात्र कोणी डोळे झाकून शिवली नाहीत. प्रत्येक ठिगळ कशासाठी आहे हे सांगावे लागे, इतरांनी ते तपासावे आणि त्यावर मत द्यावे असा नियम होता. केंब्रिजच्या टाचणाची परंपरा येथे जिवंत होती असे म्हणावयास हरकत नाही.

आणि तरीही याच सर्व्हरबरोबर आलेल्या एका नमुन्याने जगाला धडा दिला. सर्व्हर घेणाऱ्यास सीजीआय कसे लिहावे हे कळावे म्हणून सोबत काही नमुन्याचे प्रोग्रॅम देत. त्यांपैकी एकाचे नाव ‘पीएचएफ’. काम निरुपद्रवी, फॉर्मात नाव लिहा आणि विद्यापीठाच्या टेलिफोन यादीत ते शोधा. हा प्रोग्रॅम वाचकाने लिहिलेले नाव एका आज्ञेत गुंफून ती आज्ञा सर्व्हरच्या स्वाधीन करी. आता वाचकाने नावापुढे अर्धविरामासारखे एखादे चिन्ह टाकून दुसरी आज्ञाच लिहिली तर काय? याचा विचार कर्त्यांनी केला होता. अशा सर्व घातक चिन्हांच्या आधी एक तिरपी रेघ घालून ती निष्प्रभ करणारा छोटा तुकडा त्यांनी लिहिला होता. चिन्हांची यादी मात्र अपुरी राहिली. तीत ‘नवी ओळ’ हे न दिसणारे चिन्ह नव्हते. नावापुढे नवी ओळ सुरू करावी, तीवर हवी ती आज्ञा लिहावी, आणि सर्व्हर ती मुकाट्याने पाळी. सर्व्हरवरील खातेदारांच्या पासवर्डांची फाइल मागवून घेण्यासाठी लोकांनी याचा सर्रास उपयोग केला.

मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतील ‘सर्ट’ या संस्थेने इशारा प्रसिद्ध केला. त्यातील एक मुद्दा आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. केवळ पीएचएफ काढून टाकून भागणार नव्हते, कारण चिन्हे निष्प्रभ करणारा तो तुकडा लोकांनी आपापल्या प्रोग्रॅमांतही घेतलेला असण्याचा संभव होता. ज्यांनी तो घेतला त्यांना त्यात उणीव आहे हे कळावयास मार्ग नव्हता, आणि कर्त्यांनाही तो कोणी घेतला हे कळावयास मार्ग नव्हता. शिवाय नमुना हा शिकण्यासाठी असतो, कामावर ठेवण्यासाठी नसतो, ही साधी सूचना पुष्कळ सर्व्हरवाल्यांच्या ध्यानीच आली नव्हती. जे सोबत आले ते त्यांनी तसेच चालू ठेवले.

याच काळात मॅट राइट या तरुणाने १९९५ पासून आपले छोटे प्रोग्रॅम सर्वांसाठी मोफत ठेवले. अभिप्रायवही, भेटींची मोजणी, आणि फॉर्म भरला की तो ईमेलने पाठविणारा ‘फॉर्ममेल’. ज्यांना प्रोग्रॅमिंगचा गंधही नव्हता अशा दुकानदारांच्या, शाळांच्या, संस्थांच्या वेबसाइटांवर फॉर्ममेल जाऊन बसला. त्यात ईमेल कोणाकडे जावयाचा तो पत्ता फॉर्मातच लिहिलेला असे. म्हणजे फॉर्म बदलणाऱ्यास कोणाच्याही सर्व्हरवरून कोणालाही पत्रे धाडता येत, आणि जाहिरातींची पत्रे लाखांनी पाठविणाऱ्यांना फुकटचे टपालघरच मिळाले. पुढे लंडनच्या पर्ल भाषेच्या प्रोग्रॅमरांनी ‘एनएमएस’ या नावाने तसेच परंतु सुरक्षित प्रोग्रॅम लिहिले, आणि खुद्द राइट यांनी आपल्या पानावर तेच वापरावे अशी शिफारस केली. त्यांची ही वागणूक आम्हांस प्रशंसनीय वाटते. परंतु ज्या हजारो ठिकाणी जुनी नक्कल अगोदरच पोचली होती तेथे ही शिफारस कोण पोचविणार?

कोडाच्या तुकड्याइतकीच सेटिंगची ओळही बोलकी असते. रासमुस लेरडॉर्फ यांनी ८ जून १९९५ रोजी ‘पीएचपी’ ही साधने जाहीर केली. वाचकाने फॉर्मात जे भरले ते प्रोग्रॅममध्ये त्याच नावाने आपोआप हजर होई, ही तिची मोठी सोय होती, आणि ती ‘रजिस्टर ग्लोबल्स’ या सेटिंगने चाले. समजा, पासवर्ड जुळला तर प्रोग्रॅम ‘परवानगी’ या नावापुढे १ लिहितो, आणि पुढे १ दिसला तर दार उघडतो. आता पाहुण्याने पासवर्ड न देता वेबपत्त्याच्या शेवटी स्वतःच ‘परवानगी बरोबर १’ असे लिहिले तर? प्रोग्रॅमरने आरंभी तेथे शून्य लिहून ठेवले नसेल तर दार उघडे. म्हणून एप्रिल २००२ च्या ४.२.० या आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवून देण्यात येऊ लागली. लगेच जुने प्रोग्रॅम ठिकठिकाणी बंद पडले, आणि मग एक तोडगा हातोहात पसरला. अमुक फाइलमध्ये ही एक ओळ लिहा, सोय पुन्हा चालू होईल. तोडगा खरा होता. ओळ लिहिताच वेबसाइट चालू होई, मालक समाधान पावे, आणि दाराची कडी आपण आतून काढून ठेवली हे कोणाच्या लक्षात येत नसे. अखेर २०१२ च्या ५.४ या आवृत्तीत ती सोय समूळ काढून टाकावी लागली. एका ओळीचा मोह मोडावयास दहा वर्षे गेली.

पुढील काळातील गोष्टी आम्ही धावत्या सांगतो. २२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा ११ ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने एका वादातून सार्वजनिक संग्रहातून काढून घेतला. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण तो नाहीसा होताच मोठमोठ्या प्रोग्रॅमांची बांधणी अडली आणि संग्रहाच्या चालकांना तो काही तासांत परत ठेवावा लागला. फाइलचा आकार माणसाला वाचता येईल असा लिहून दाखविणारा जावा भाषेतील एक तुकडा तर हजारो प्रोग्रॅमांत उतरला गेला. २०१९ मध्ये त्याच्या कर्त्यानेच सांगितले की त्यात चूक आहे. ९,९९,९९९ बाइटांच्या फाइलला तो ‘एक मेगाबाइट’ म्हणण्याऐवजी ‘एक हजार किलोबाइट’ म्हणतो. चूक क्षुल्लक, परंतु इतकी वर्षे ती कोणाला दिसली नाही. आता तर असे तुकडे यंत्रेच मागितल्याबरोबर लिहून देतात, आणि शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारावयाचेही कारण उरलेले नाही.

हे सारे दूरच्या लोकांचे झाले, आपला त्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले आपले नाव वेबसाइट घेते की नाही, एवढ्यापुरता तरी तो निश्चित आहे. देवनागरी अक्षरांना युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा मिळालेली आहे, आणि ती भारताच्या १९८८ च्या ‘इस्की’ मांडणीला धरून आहे. तरीही मायएसक्यूएल हे लोकप्रिय माहितीभांडार २०१८ मध्ये आठवी आवृत्ती निघेपर्यंत, निराळे सांगितले नाही तर, युरोपी अक्षरांचीच मांडणी धरून चाले. त्यात मराठी मजकूर ठेवावा आणि परत मागावा तर प्रश्नचिन्हांची रांग मिळावी, हा अनुभव त्या वर्षांत मराठी वेबसाइट बांधणाऱ्यांना वारंवार येई. जोडणी होताच ‘यूटीएफ-८’ वापरावयास सांगणारी एक ओळ लिहिणे हा त्यावरचा उपाय, आणि ती ओळ हातोहात फिरली हे योग्यच झाले.

नावाच्या रकान्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. नावात भलतीसलती चिन्हे येऊ नयेत म्हणून ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतचीच अक्षरे चालतील असे तपासणारा एक तुकडा सर्वत्र आढळतो. तो इंग्रजीसाठी लिहिलेला. देवनागरी नाव त्याला कचरा वाटते. कोणी सुधारून लिहितो की, जगातील कोणत्याही लिपीचे ‘अक्षर’ चालेल. आता मराठी नाव आत जाईल असे वाटते, आणि काही जातातही. परंतु युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची गणना अक्षरांत होत नाही. ती ‘चिन्हे’ होत. तेव्हा कमलताईंचे नाव स्वीकारले जाते आणि विमलताईंना, वेलांटीमुळे, आपले नाव नीट लिहावे असे सांगण्यात येते. त्या तपासणीत अक्षरांबरोबर चिन्हांनाही परवानगी द्यावी लागते. ती दिली तरी वऱ्हाडपांडे मंडळींचा प्रश्न शिल्लक राहतो. त्यांच्या आडनावातील अर्धा ‘र’ काही कळपाटांवर ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह अशा तीन खुणांनी उमटतो, आणि ते जोडचिन्ह अक्षरांतही बसत नाही व चिन्हांतही बसत नाही. त्याचे नाव त्या ओळीत निराळे लिहावे लागते, आणि ते का लिहिले हे ओळीशेजारी मराठीत किंवा इंग्रजीत नोंदवून ठेवावे लागते, नाही तर पुढचा प्रोग्रॅमर ते निरर्थक समजून खोडून टाकतो.